वारसाने आलेलं रिकामं घर आणि इंग्लंडचा काउन्सिल टॅक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काका गेल्यावर त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे आली. कुरिअरची चिठ्ठी, पिझ्झाची पत्रकं आणि दंतवैद्याची आठवण अशा दारामागच्या ढिगात काउन्सिलचं, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेचं, एक तपकिरी पाकीट होतं. वर काकांचं नाव, आत वर्षभराचं बिल. तिथपासून घर विकलं जाईपर्यंत जे शिकलो ते पुढे ओळखीपाळखीत इतक्या वेळा फोनवर सांगावं लागलं, कधी स्लाऊला तर कधी थेट नाशिकला, की शेवटी लिहूनच काढलं. खालची सगळी माहिती इंग्लंडची आहे. स्कॉटलंड आणि वेल्सबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

काउन्सिल टॅक्स म्हणजे आपली घरपट्टीच ना?

चुलत बहीण म्हणा. घरपट्टी मालकाच्या नावावर येते, घरात कोण राहतं याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं. काउन्सिल टॅक्स आधी राहणाऱ्याला शोधतो. भाडेकरू राहत असेल तर साधारणपणे भाडेकरू भरतो. घरात कुणीच राहत नसेल तेव्हा तो मालकाच्या दारात येतो. हा कर १९९३ साली सुरू झाला आणि इंग्लंडमधली घरं १ एप्रिल १९९१ च्या किमतीवरून ए ते एच अशा आठ बँडांत बसवलेली आहेत. म्हणजे आज घराची किंमत काहीही असो, टॅक्सच्या लेखी ते अजून १९९१ मध्येच उभं आहे. २०२५-२६ मध्ये डी बँडचं इंग्लंडमधलं सरासरी बिल २,२८० पौंड होतं. ए बँडला त्याच्या दोन तृतीयांश, एच बँडला बरोबर दुप्पट.

घरातला एकटा राहणारा माणूस गेला. टॅक्स कुणाच्या नावाने सुरू होतो?

कुणाच्याच नाही, निदान काही काळ. याला ‘क्लास एफ’ची माफी म्हणतात. घर त्या माणसाच्या मृत्यूपासून रिकामं असेल आणि आता ते फक्त त्याच्या इस्टेटीच्या, म्हणजे एक्झिक्युटरच्या (मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाच्या) ताब्यात असेल, तर प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र मान्य करून व्यवहाराचा अधिकार देणारा कोर्टाचा कागद, मिळेपर्यंत टॅक्स शून्य. प्रोबेट मिळाल्यावर आणखी जास्तीत जास्त सहा महिने शून्य. मृत्युपत्र नसेल तर प्रोबेटऐवजी ‘लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ मिळतात, त्यांनाही हाच नियम. घरात सामान आहे की नाही, याने या माफीत काही फरक पडत नाही.

मात्र ती आपोआप मिळेल या भरवशावर राहू नका. काउन्सिलला कळवून मागावी लागते.

हे सहा महिने नेमके कुठल्या तारखेपासून मोजायचे?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

मृत्यूच्या तारखेपासून नाही. सॉलिसिटरने ‘प्रोबेट आलं’ असा ईमेल केला त्या दिवसापासून नाही. कागद पोस्टाने तुमच्या हातात पडला त्या दिवसापासूनही नाही. प्रोबेटच्या कागदावर जी तारीख छापलेली असते, तिथून. कागद फिरत फिरत तीन आठवड्यांनी हातात आला, तर त्या सहा महिन्यांतले तीन आठवडे तुम्ही घरात बसून घालवलेले असतात. म्हणून कागद आला की पहिलं काम म्हणजे तारीख बघायची आणि कॅलेंडरवर सहा महिने व बारा महिने अशा दोन खुणा करायच्या. बारा महिन्यांची खूण कशासाठी, ते पुढे येईल.

एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

समजा मावशी १२ फेब्रुवारी २०२५ ला गेल्या. घर डी बँडमधलं, आणि हिशेब सोपा राहावा म्हणून बिल वर्षाला २,२८० म्हणजे महिन्याला १९० पौंड धरू. (दर एप्रिलमध्ये आकडा बदलतो, ते इथे सोडून देऊ.) प्रोबेटवर तारीख पडली १ ऑगस्ट २०२५.

१२ फेब्रुवारीपासून जानेवारी २०२६ अखेरपर्यंत टॅक्स शून्य. फेब्रुवारी २०२६ पासून महिन्याला पूर्ण १९०. घर रिकामं आहे म्हणून निम्मं वगैरे नाही. एकट्याने राहणाऱ्याला मिळते ती २५ टक्के सवलतही नाही, कारण ती राहणाऱ्यासाठी असते आणि इथे राहतंय कोण? जुलै २०२६ अखेर प्रोबेटला वर्ष होतं. घर तोवर विकलं गेलं नसेल, त्यातलं सामान वर्षभरापूर्वीच काढलेलं असेल आणि काउन्सिल प्रीमियम, म्हणजे फार काळ रिकाम्या घरावरचा जादा टॅक्स, लावणारी असेल, तर ऑगस्टपासून महिन्याला ३८०.

म्हणजे प्रोबेटचा अर्जच उशिरा केला तर माफी लांबत जाईल?

हा प्रश्न मला दर वेळी आवाज खाली आणून विचारला जातो. कायद्याने प्रोबेटआधीच्या माफीला मुदत नाही, हे खरं. पण प्रोबेटशिवाय घर विकता येत नाही. वारसा कर लागत असेल तर तो मृत्यू ज्या महिन्यात झाला त्यानंतरच्या सहाव्या महिन्याच्या शेवटापर्यंत भरायचा असतो, नंतर व्याज सुरू. शिवाय रिकाम्या घराचा विमा, हीटिंग, वाढणारं गवत. महिन्याचे १९० वाचवायला हे सगळं अंगावर घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आणि काउन्सिलही स्वस्थ बसत नाही, दर काही महिन्यांनी ‘प्रोबेट मिळालं का’ असं विचारणारं पत्र पाठवते.

एक्झिक्युटर मी आणि एकटा वारसही मीच. घर लगेच नावावर करून टाकू का?

घाई का करताय? माफी एक्झिक्युटर म्हणून ताबा असलेल्या घराला आहे. वारसाच्या नावावर हस्तांतराचा कागद झाला की तुम्ही साधे मालक झालात आणि माफी त्याच दिवशी संपते, सहापैकी चार महिने शिल्लक असले तरी. आपल्याकडची सवय अशी की माणूस गेला की सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, सोसायटीचा शेअर सर्टिफिकेट, सगळ्यावर नाव चढवायची धावपळ. तिथे ते शहाणपणाचं असतं. इथे घर विकायचंच असेल तर एक्झिक्युटर म्हणून थेट विकता येतं, मध्ये स्वतःच्या नावावर करण्याची गरजच नसते. स्वतः राहायला जाणार असाल तर गोष्ट वेगळी. मग राहायला गेल्या दिवसापासून टॅक्स तुमचा.

खरेदीदार मिळाला, बोलणी ठरली, एवढ्याने माफी संपत नाही. व्यवहार पूर्ण होऊन किल्ल्या दिल्या त्या दिवसापासून टॅक्स नव्या मालकाचा.

घर आई-बाबा दोघांच्या नावावर होतं. किंवा बाबा आणि काका दोघांच्या. तरीही माफी?

मागे राहिलेला मालक हयात असेल तर नाही. आई त्या घरात राहत असेल तर घर रिकामं नाहीच, आणि ती एकटी उरली असेल तर २५ टक्के सवलत मागा. हे सांगायला बरेच जण विसरतात. बाबा आणि काका दोघं मालक, काका दुसरीकडे राहतात, बाबा गेले आणि घर रिकामं झालं, तर टॅक्स काकांवर येतो. कारण ते स्वतःच्या हक्काने मालक आहेत, एक्झिक्युटर म्हणून नाहीत. कितीतरी घरांत पूर्वी कर्जासाठी भावाचं नाव घातलेलं असतं आणि पुढे सगळे ते विसरून गेलेले असतात. लँड रजिस्ट्रीचा उतारा आधी मागवा. थोड्या पौंडांचं काम आहे.

घर ओस पडू नये म्हणून भाच्याला दोन महिने राहायला ठेवलं तर?

ठेवा, पण किंमत ओळखून ठेवा. माफीची अट ‘मृत्यूपासून रिकामं’ अशी आहे. भाचा तिथे बिऱ्हाड करून राहिला की घर रिकामं उरलं नाही, टॅक्स त्याच्यावर आला. तो निघून गेल्यावर क्लास एफ परत जिवंत होत नाही. कपाटं आवरायला जाऊन दोन रात्री तिथे झोपलात, तर त्याला कुणी राहणं म्हणत नाही.

आजी शेवटची दोन वर्षं केअर होममध्ये होती. घर तेव्हापासूनच बंद आहे.

हरकत नाही. ती कायमची केअर होममध्ये गेल्यावर रिकाम्या घराला वेगळी माफी होती, क्लास ई. मृत्यूनंतर तीच माफी क्लास एफमध्ये बदलते. फक्त क्लास ई कधी मागितलीच नसेल तर तीही आता मागा. भरलेले पैसे इस्टेटीला परत मिळू शकतात.

घर भाड्याचं होतं.

भाडेकरार चालू असून इस्टेट भाडं द्यायला बांधील आहे तोवर माफी लागू होते. करार संपवून किल्ल्या परत केल्या की विषय घरमालकाचा.

सामान काढून टाकावं की तसंच ठेवावं?

याचं एका ओळीत उत्तर नाही.

काकांच्या घरी आम्ही तिसऱ्याच आठवड्यात सामान हलवायला घेतलं. सोफा धर्मादाय दुकानाने नेला. पुस्तकांची चार खोकी झाली. स्वयंपाकघरातला देव्हारा बहिणीने उचलला. मिसळणाचा डबा उघडला तर मोहरी आणि हळद अजून भरलेली, चमचा आत. तो तसाच माझ्या घरी आला, आजही वापरात आहे. महिन्याभरात घर रिकामं झालं आणि आम्हाला मोठं काम उरकल्यासारखं वाटलं. टॅक्सच्या बाजूने बघायला कुणाला सुचलं होतं?

बाजू अशी. काउन्सिलच्या भाषेत रिकाम्या घराचे दोन प्रकार आहेत. कुणी राहत नाही आणि सामानही नाही, असं घर एक वर्ष सलग राहिलं तर ते ‘दीर्घकाळ रिकामं’ ठरतं आणि त्यावर प्रीमियम लागू शकतो. हे वर्ष सामान निघाल्यापासून मोजलं जातं, माफी चालू असतानाही ते मोजणं थांबत नाही आणि मालक बदलला तरी पहिल्यापासून सुरू होत नाही. मध्ये कुणी सहा आठवडे किंवा त्याहून कमी राहून गेलं तर तेही धरत नाहीत. सामान ठेवलं तर घर ‘दुसरं घर’ या प्रकारात जातं. पूर्वी ही पळवाट होती: एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या ठेवायच्या. १ एप्रिल २०२५ पासून काउन्सिलना दुसऱ्या घरांवरही १०० टक्क्यांपर्यंत प्रीमियम लावता येतो. सगळ्या लावत नाहीत, म्हणून तुमच्या काउन्सिलचा त्या वर्षाचा ठराव वेबसाइटवर वाचा.

काही काउन्सिल रिकाम्या, बिनसामानाच्या घराला सुरुवातीला थोडी सवलत देतात, बऱ्याच काहीच देत नाहीत. ही सवलत सामान निघाल्यापासून धरतात, त्यामुळे वारसाच्या घरात ती बहुधा माफीच्या काळातच विरून जाते. माझं मत विचाराल तर टॅक्सकडे बघून सामानाचा निर्णय घेऊ नका. विकायला काय बरं पडेल, ते बघा. पण सामान कधी काढलं याचा पुरावा ठेवा: टेम्पोवाल्याची पावती, रिकाम्या खोल्यांचे फोटो.

प्रीमियम किती असतो? वारसाच्या घराला त्यातून सुटका नाही का?

१ एप्रिल २०२४ पर्यंत प्रीमियम दोन वर्षांनंतर लागत असे, आता एका वर्षानंतर लावता येतो. एक ते पाच वर्षं रिकाम्या घराला १०० टक्क्यांपर्यंत, म्हणजे बिल दुप्पट. पाच वर्षांनंतर २०० टक्क्यांपर्यंत, दहा वर्षांनंतर ३०० टक्क्यांपर्यंत. दहा वर्षं बंद घराचं बिल चौपट! भावंडांचं भांडण कोर्टात असलेली अशी घरं मी पाहिली आहेत.

सुटका आहे, आणि कॅलेंडरवरची दुसरी खूण त्यासाठीच. एप्रिल २०२५ पासूनच्या नियमांनुसार क्लास एफमध्ये असलेल्या घरावर प्रोबेटच्या तारखेपासून १२ महिने प्रीमियम लावता येत नाही. पहिले सहा महिने टॅक्सच नाही, पुढचे सहा महिने नेहमीचा टॅक्स, वर काही नाही.

घर विकायला काढलंय पण गिऱ्हाईक येत नाही. मग?

खरोखर बाजारात असलेल्या घराला प्रीमियममधून १२ महिन्यांपर्यंत वेगळी सूट आहे, भाड्याने द्यायला काढलं असेल तरीही. नेहमीचा टॅक्स भरावाच लागतो. ‘खरोखर’ या शब्दावर काउन्सिल अडून बसते. एजंटचा करार, जाहिरात, किंमत आसपासच्या घरांसारखी आहे का, बघायला आलेल्यांना घर दाखवलं का, हे सगळं विचारतात. दहा लाख पौंड किंमत लावून ठेवली आणि येणाऱ्याला हाकललं, तर चालत नाही. घराला मोठी दुरुस्ती लागत असेल, छत किंवा भिंतींचं काम चालू असेल, तर त्यासाठीही तशीच १२ महिन्यांची सूट आहे. नवं कार्पेट आणि रंग म्हणजे मोठी दुरुस्ती नव्हे.

माफी संपल्यावर बिल माझ्या खिशातून भरायचं का?

एक्झिक्युटर म्हणून आलेलं बिल इस्टेटीचा खर्च आहे. पाकिटावर ‘एक्झिक्युटर्स ऑफ’ आणि गेलेल्या माणसाचं नाव असं असतं, ते बरोबर आहे. इस्टेटीच्या खात्यात रोख नसेल तर तुम्ही भरा, पावती ठेवा आणि घर विकल्यावर आधी स्वतःचे पैसे वळते करून घ्या. वाटण्या झाल्यावर मागायला गेलात तर सख्खी भावंडंही फोन उचलत नाहीत. बिल थकू देऊ नका. आधी आठवण, मग वर्षाची सगळी रक्कम एकदम, मग मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स, अशी ती शिडी आहे आणि कोर्टाचा खर्च वर चढतो.

गेलेल्या माणसाने आगाऊ भरलेला टॅक्स इस्टेटीला परत मिळतो. चेक कुणाच्या नावे हवा ते पहिल्याच पत्रात लिहा. आमचा चेक काकांच्याच नावाने आला होता.

मी पुण्यात आहे, काका तिकडे वारले. मला हे इथून जमेल का?

जमतं. इंग्लंडमधल्या सॉलिसिटरला किंवा विश्वासाच्या नातेवाइकाला कुलमुखत्यारपत्र देऊन प्रोबेट घेता येतं. मूळ मृत्युपत्र मात्र तिकडे पाठवावं लागतं, झेरॉक्स चालत नाही. काउन्सिलला पहिल्याच ईमेलमध्ये पत्रव्यवहाराचा पत्ता बदलून द्या. नाहीतर आठवणीचं पत्र रिकाम्या घराच्या दारामागे पडेल आणि तुम्हाला कळेल ते थेट समन्सवरून. परदेशात राहणाऱ्याकडून वारसाने आलेली तिथली मालमत्ता भारतातल्या रहिवाशाने ठेवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याची मुभा आहे, पण आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या रकान्यात ती दाखवायला विसरू नका. त्याचे दंड काउन्सिल टॅक्सपेक्षा फार मोठे आहेत.

काउन्सिलला काय काय कळवायचं?

मृत्यूची नोंद करताना रजिस्ट्रार ‘टेल अस वन्स’ या सेवेबद्दल सांगतो, त्यातून काउन्सिललाही कळतं. पण तेवढ्यावर थांबू नका. मृत्यूची तारीख, घर कधीपासून रिकामं, मृत्युपत्र आहे की नाही, एक्झिक्युटरचं नाव आणि पत्ता, हे स्वतः लिहून कळवा. प्रोबेट आलं की त्याची प्रत पाठवा. माफी संपवणारी घटना घडली, म्हणजे घर विकलं, नावावर केलं किंवा कुणी राहायला आलं, तर २१ दिवसांत कळवायचं असतं. न कळवल्यास ७० पौंड दंड होऊ शकतो.

माफी असताना बिल आलं. आता?

आमच्याकडे आलं होतं. काउन्सिलने सहा महिने मृत्यूच्या तारखेपासून मोजले आणि प्रोबेट यायच्या आधीच ६०० पौंडांच्या वर मागणी पाठवली. फोनवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, ‘सिस्टीम तसंच दाखवतेय.’ फोन ठेवला आणि चार ओळींचं पत्र लिहिलं: मृत्यूची तारीख, प्रोबेट अजून प्रलंबित, घर मृत्यूपासून रिकामं, म्हणून क्लास एफ. तीन आठवड्यांत बिल शून्यावर आलं, दिलगिरीचा एक शब्दही नाही. फोनवर वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण अपिलाची घड्याळं लेखी तक्रारीपासून चालतात. काउन्सिलने दोन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. नकार आला तर त्यापुढे दोन महिन्यांत व्हॅल्युएशन ट्रायब्युनल या अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे जाता येतं. उत्तरच आलं नाही तर पहिल्या पत्रापासून चार महिन्यांच्या आत जा. फी नाही, वकील लागत नाही.

स्कॉटलंड आणि वेल्समध्ये काय?

स्कॉटलंडमध्ये प्रोबेटला ‘कन्फर्मेशन’ म्हणतात आणि त्यानंतर सहा महिन्यांची माफी आहे. वेल्समध्येही माफी अशीच, पण घरांच्या किमती २००३ च्या, बँड नऊ, आणि प्रीमियम ३०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. उत्तर आयर्लंडमध्ये काउन्सिल टॅक्सच नाही, तिथे ‘रेट्स’ आहेत.

टॅक्स शून्य आहे म्हणजे निश्चिंत?

टॅक्सपुरते. फ्लॅट असेल तर सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा खर्च) आणि ग्राउंड रेंट (जमिनीचं भाडं) चालूच राहतात, त्यांना मृत्यूची माफी नाही. वीज आणि गॅसचा रोजचा स्थिर आकारही. आणि विमा: घर ३० किंवा ६० दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं तर बऱ्याच पॉलिसींचं संरक्षण आक्रसतं, म्हणून विमा कंपनीला पहिल्याच आठवड्यात कळवा आणि रिकाम्या घराची पॉलिसी मागा. त्यात बहुधा दोन अटी असतात. ठराविक दिवसांनी कुणीतरी घरात फेरी मारून नोंद ठेवायची, आणि हिवाळ्यात हीटिंग मंद चालू ठेवायचं किंवा नळाचं पाणी पूर्ण उतरवून टाकायचं. आम्ही दुसरं केलं. रस्त्यावरचा कॉक बंद केला, सगळे नळ उघडे सोडले, आणि बहिणीने फ्रिजवर चिठ्ठी लावली: ‘बॉयलर लावू नये, पाणी काढलेलं आहे.’ ती चिठ्ठी मराठीत होती. घर बघायला आलेल्या एजंटने बॉयलर लावलाच.